गोल्डमध्ये सोनं नसतं

आमच्या आजोबांच्या तोंडात एक सोन्याचा दात होता. वरच्या ओळीत, डावीकडे, सुळ्याच्या लगेच मागे. आजोबा हसत फार क्वचित, त्यामुळे तो दात घरातल्या इतर सोन्यासारखाच लग्नाकार्याला तेवढा बाहेर पडे. चाळीसएक वर्षं त्या दातानं ऊस सोलला, शेंगा फोडल्या, आणि समोरच्या खालच्या दाताला कधी ओरखडाही काढला नाही. आजोबा गेले तेव्हा धाकटे काका हळूच म्हणाले, "दाताचं काय करायचं?" आजीनं त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली, की काकांचे स्वतःचेच दात घशात गेले.

हे आठवायचं कारण असं, की गेल्या दोन वर्षांत मी आणि माझी आई अशा दोघांनी मिळून दातांच्या दवाखान्यांत इतके तास काढले आहेत, की तिथल्या जुन्या मासिकांतली शब्दकोडीसुद्धा आता आमच्याच अक्षरात आहेत. अशाच एका दवाखान्यात माझ्या हाती एक लॅमिनेट केलेलं कार्ड देण्यात आलं. त्यावर तीन रकाने होते: सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर, त्यातून बँकेतला कारकून. (हल्ली आम्हांला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. पगारपत्रकावर त्याचा परिणाम अद्याप दिसलेला नाही.) रकाने दिसले की ते पडताळून पाहायचे ही सवय. मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं,

"सिल्व्हरमध्ये चांदी किती टक्के?"

"चांदी नाही हो, काका. सिल्व्हर म्हणजे मेटल-सिरॅमिक. आत निकेल-क्रोमियम, वरून पोर्सेलीन."

"मग गोल्डमध्ये सोनं?"

"गोल्डमध्ये झिर्कोनिया."

"आणि प्लॅटिनममध्ये?"

"प्रीमियम झिर्कोनिया!" ती अशा उत्साहानं म्हणाली, की तिच्या तोंडात तोच असावा.

म्हणजे तीन मौल्यवान धातूंची नावं, आणि तिन्हींपैकी एकाचाही गुंजभर अंश माझ्या तोंडात जायचा नव्हता. आमच्या शाखेत सोनेतारणाला कुणी असा दागिना आणला असता, तर सराफानं तो कसोटीला लावून मॅनेजरसाहेबांना केबिनबाहेर बोलावलं असतं.

माझं भांडण आहे ते ह्या कार्डाशी. डॉक्टरांशी नाही, निदान सगळ्या डॉक्टरांशी नाही.

ज्यांच्या तोंडात अजून बत्तीसच्या बत्तीस जागेवर आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. (इतरांना हा विषय मुखोद्गत असणारच.) इम्प्लांट म्हणजे एक छोटी इमारत असते. तळमजला हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या स्क्रूचा. त्यावर एक जोडतुकडा, त्याला अबटमेंट म्हणतात, तो जिना. आणि वर जो दात दिसतो, ज्याला आपण सरसकट 'कॅप' म्हणतो, तो वरचा मजला. तळमजल्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. ब्रोनेमार्क नावाच्या स्वीडिश संशोधकानं १९५२ साली सशाच्या हाडातलं रक्ताभिसरण पाहण्यासाठी टायटॅनियमचं एक छोटं उपकरण बसवलं. प्रयोग संपल्यावर ते महागडं उपकरण काढून पुन्हा वापरावं, असा त्याचा सरळ मध्यमवर्गीय बेत होता. पण हाडानं ते असं धरून ठेवलं, की निघेचना. त्या फसलेल्या काटकसरीतून इम्प्लांटचा जन्म झाला. १९६५ मध्ये गोथेनबर्ग गावात यस्टा लार्सन ह्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात त्यानं असे स्क्रू बसवले, आणि २००६ साली लार्सन वारले तोवर, म्हणजे चाळीस वर्षांवर, ते स्क्रू कामावर हजर होते. एक दिवसाची किरकोळ रजा नाही. आमच्या खात्यात असा नोकर दाखवा!

शिवाय टायटॅनियमशी आमचं घरोब्याचं नातं. ज्या इल्मेनाइटपासून ते काढतात, त्याची काळी वाळू आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पसरलेली आहे. लहानपणी भर दुपारी त्या वाळूचे चटके खात आम्ही समुद्राकडे धावायचो. कच्चा माल पायाखाली आणि दात तोंडात, असा तो खरा सुवर्णकाळ.

भांडण आहे ते वरच्या मजल्याचं. तिथे काय वापरायचं ह्यावर 'तुम्ही ठरवा' म्हणतात. माझी खालची उजवी दाढ एका लोणावळ्याच्या चिक्कीनं उभी चिरली, काढावी लागली, स्क्रू बसला, तीन महिने हाड धरण्यात गेले, आणि मग ते कार्ड पुढे करून डॉक्टर म्हणाले, "तुम्ही ठरवा."

वाचकहो, ह्या दोन शब्दांची मला भारी भीती वाटते. बायको 'तुम्ही ठरवा' म्हणते तेव्हा तिचं ठरलेलं असतं. साहेब 'तुम्ही ठरवा' म्हणतात तेव्हा पुढे चौकशी झाली तर सही माझी असते. डॉक्टर म्हणतात तेव्हा ह्या दोन्ही गोष्टी एकदम असतात. मी दातांबद्दल काय ठरवणार? मला कळतो तो फक्त शेवटचा रकाना, किमतीचा. तो वाचून मी मधला ठरवला. मध्यमवर्गाचं हेच तर वैशिष्ट्य आहे. पहिला रकाना घ्यायची लाज, तिसरा घ्यायची ऐपत नाही. कार्ड छापणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. मधला रकाना तो आपल्यासाठीच छापतो.

बसली कॅप. सुंदर बसली. आजूबाजूच्या माझ्या चहाच्या रंगाच्या दाढांमध्ये ती नव्या सुनेसारखी उठून दिसे. सोबत एक चकचकीत हमीपत्र, पंधरा वर्षांचं, त्यावर माझं नाव सोनेरी अक्षरांत. (गोल्डमधलं सोनं म्हणजे ही शाई.) आणि त्याच दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, सौ.च्या चकलीबरोबर त्या कॅपचा एक टवका माझ्या पोटात गेला. पहिल्यांदा मला वाटलं चकलीच कडक आहे. तसं मी बोलूनही दाखवलं. त्यानंतर पाडव्याचं जे काही झालं ते इथे लिहीत नाही.

हमीपत्र काढलं. बारीक अक्षर वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. तेवीस वर्षं मी लोकांना 'इथे सही करा' म्हणत आलो आहे. ते काय असतं हे प्रथमच सहीच्या ह्या बाजूनं वाचलं. हमी आतल्या झिर्कोनियाच्या सांगाड्याची होती. वरच्या पोर्सेलीनच्या थराची नव्हती. नवी कॅप फुकट मिळाली तरी डॉक्टरांची फी पुन्हा द्यायची होती. आणि सर्वांत शेवटी, मुंगीच्या पावलांच्या आकारात: 'रात्री दात खाण्याची सवय असल्यास हमी लागू नाही.'

मी दवाखान्यात तावातावानं म्हणालो, "मी काय दात खातो?"

बरोबर सौ. होती. ती म्हणाली, "खातात की! मार्च महिन्यात तर मी उशी घेऊन बाहेरच्या खोलीत झोपते."

आता मला सांगा, हे वाक्य हमीपत्रात छापण्याइतकं महत्त्वाचं होतं, तर कॅप निवडायच्या आधी कुणी मला ते का विचारलं नाही? कार्डावर तीन रकाने होते, त्यात चौथा एक 'रुग्ण रात्री काय करतो' असा घातला असता तर काय बिघडलं असतं?

ह्या प्रश्नाचं उत्तर मला आमच्याच शाखेत, माझ्याच काउंटरवर मिळालं. दर नोव्हेंबरला एक निवृत्त प्राध्यापक हयातीचा दाखला द्यायला येतात. दंतवैद्यक महाविद्यालयात त्यांनी तीस वर्षं कृत्रिम दातांचा विषय शिकवलेला. मी त्यांचा हयातीचा दाखला घेतला आणि त्यांच्यापुढे तोंड उघडलं. मागे रांग होती, पण पेन्शनरांच्या रांगेला दातांच्या विषयात रस नसेल असं होत नाही. ते पंधरा मिनिटं बोलले. रांगेतल्या एकानंही कुरकुर केली नाही.

त्यांचं म्हणणं असं. आपला खरा दात हाडात नुसता रोवलेला नसतो. त्याच्याभोवती बारीक तंतूंची झोळी असते, त्यात तो टांगलेला असतो. त्यामुळे तो किंचित दबतो, आणि मुख्य म्हणजे त्याला कळतं. भातात खडा आला की जबडा आपोआप थांबतो तो त्या झोळीमुळे. इम्प्लांटला झोळीच नाही. खऱ्या दाताला जेवढ्या दाबाची जाणीव होते, त्याच्या आठ-नऊ पट दाब पडेपर्यंत इम्प्लांटला पत्ता नसतो. म्हणजे आपण तोंडात एक असा कर्मचारी नेमलेला असतो, की त्याच्या डोक्यावर कितीही ओझं टाकलं तरी तो तक्रार करत नाही. एक दिवस एकदम मोडतो. मग त्यात मी मार्चअखेरचा ताळेबंद रात्री दातांनी जुळवणारा. आणि मला दिली कुठली कॅप? आत झिर्कोनिया, वर पोर्सेलीनचा देखणा थर. ह्या थराची ताकद झिर्कोनियाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकी. किल्ल्याच्या तटबंदीवर बाहेरून आरसे लावण्यातला हा प्रकार.

"मग मला काय द्यायला हवं होतं?" मी विचारलं.

"मागची दाढ आहे, कोण बघतंय? सगळीच्या सगळी झिर्कोनियाची द्यायची, थर न देता. नीट घासून गुळगुळीत केलेली. आणि रात्री घालायला एक साधी प्लास्टिकची पट्टी."

"म्हणजे प्लॅटिनम?"

"प्लॅटिनममध्ये काय आहे?"

मी कार्ड दाखवलं. ते बघून प्राध्यापक पोट धरून हसले. तेव्हा मला कळलं की 'झिर्कोनिया' हे एका वस्तूचं नावच नव्हे. त्यात यट्रिया नावाचं एक दुसरं ऑक्साइड मिसळतात. ते कमी घातलं तर कॅप जबरदस्त चिवट होते. तडा जाऊ लागला की तिथले कण फुगतात आणि तडा दाबून धरतात. (आमच्या सोसायटीच्या गच्चीला हा गुण असता तर दर पावसाळ्यात सर्वसाधारण सभा घ्यावी लागली नसती.) जास्त घातलं तर कॅप पारदर्शक, खऱ्या दातासारखी दिसते, पण हा फुगण्याचा गुण बराचसा जातो आणि ताकद निम्म्यापर्यंत उतरते. पुढच्या दाताला ही छान, मागच्या दाढेला ती चांगली. आता प्लॅटिनममधली 'प्रीमियम' कुठली? तर दिसायला सुंदर ती. दाढेत, जिथे माझ्या बायकोशिवाय कुणी वाकून बघणार नाही आणि तीही रागावलेली असतानाच, तिथे मी जास्तीचे पैसे देऊन जास्त सुंदर आणि कमी मजबूत दात बसवून घ्यायचा!

आणि सोनं? मी भीतभीतच विचारलं. प्राध्यापकांचा चेहरा एकदम हळवा झाला. दाढेसाठी सोन्याच्या मिश्रधातूइतकं गुणी द्रव्य नाही म्हणाले. समोरच्या दातासारखंच हळूहळू झिजतं, त्याला खात नाही, टवका उडत नाही. पण आता कुणी घेत नाही, पिवळं दिसतं म्हणून. म्हणजे आमचे आजोबा शास्त्रशुद्ध होते, आणि गोल्ड नावाच्या रकान्यात सोडून बाकी सगळीकडे सोनं शोभलं असतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी दातओठ खाऊन गप्प बसलो असतो. पण त्या टवक्याच्या कॅपला खाली उतरवायचं कसं? ती सिमेंटनं चिकटवलेली. तिला भोक पाडून, कापून, तुकडे करून काढावी लागली. पाऊण तास ड्रिलिंग चाललं होतं. खालच्या मजल्यावरचे लोक पाइपलाइनचं काम निघालं की काय म्हणून वर येऊन बघून गेले. त्याच कॅपला वरून भोक ठेवून स्क्रूनं आवळलं असतं, तर तो स्क्रू फिरवून ती दहा मिनिटांत हातात आली असती. सिमेंटचा दुसराही एक गुण आहे; हिरडीखाली त्याचा उरलेला कण राहिला तर तो तिथे गुपचूप सूज आणतो आणि हाड खायला लागतो. सिमेंट की स्क्रू, हा प्रश्न द्रव्यापेक्षा लहान नाही. कार्डावर त्याचा उल्लेखही नव्हता, कारण त्याला सोन्याचांदीचं नाव देता येत नाही.

इथे डॉक्टरांची बाजूही सांगतो, नाहीतर पुढच्या वेळी भूल कमी पडायची. माझे नवे डॉक्टर म्हणाले, "साहेब, लोक फोन करून पहिलं काय विचारतात? 'कॅपचा रेट काय?' आणि आत आल्यावर काय विचारतात? 'बेस्ट कुठली?' तुम्ही दात खाता का असं मी विचारलं तर अर्ध्या लोकांना राग येतो, आणि उरलेल्यांच्या बायकांना हसू. मग कार्ड छापणं सोपं." हे मला पटलं. न पटून सांगू कुणाला? कारण नेमकं हेच कार्ड मी स्वतः वापरलेलं आहे.

खोटं कशाला बोलू. बँकेत आम्हांला विम्याचं टार्गेट असतं. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक मुदत ठेवीचं नूतनीकरण करायला आले. वय एकाहत्तर. मी त्यांच्यापुढे तीन रकान्यांचं पत्रक ठेवलं आणि म्हणालो, "सर, तुम्ही ठरवा." त्यांनी मधला रकाना ठरवला. पंधरा वर्षं हप्ते भरायची योजना होती ती, एकाहत्तराव्या वर्षी! मी त्यांना विचारलं नाही, पैसे कधी लागतील, घरी कोण आहे, पेन्शन किती. विचारलं असतं तर ते मुदत ठेवच घेऊन गेले असते आणि माझा रकाना रिकामा राहिला असता. दुसऱ्या वर्षी ते पैसे मागायला आले तेव्हा मी त्यांना बारीक अक्षर दाखवलं. ते काही बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले, आणि 'बरं' म्हणून गेले. माझा टवका उडाला त्या दिवशी काउंटरच्या पलीकडे मी होतो, आणि मीही 'बरं' म्हणून आलो.

एरवी हा विषय मी एका दाढेवर मिटवला असता. पण त्याच सुमारास आईच्या दातांचा प्रश्न उभा राहिला, आणि त्यात दादा पडला.

आई शहात्तर वर्षांची. वर पूर्ण कवळी, खाली पूर्ण कवळी. वरची टाळूला धरून बसते. खालची मात्र हाड झिजत गेल्यामुळे बोलताना होडीसारखी डुलते. सहा वर्षं ती भाकरी दुधात कुस्करून खात होती, आणि आम्हांला सांगत होती की तिला तशीच आवडते. दादा असतो न्यू जर्सीला. त्याला हे कळलं तेव्हा तो व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "पैशाचा विचार करू नकोस. आईला बेस्ट बसवा." अमेरिकेतून येणारं प्रेम डॉलरमध्ये येतं; इथे ते रुपयांत बदलून घेताना थोडं इकडेतिकडे होतं. मी पहिल्या दवाखान्यात चौकशी केली. बेस्ट म्हणजे प्लॅटिनम: खाली सहा इम्प्लांट, त्यावर कायमचा बसवलेला अख्खा झिर्कोनियाचा ब्रिज, तहहयात हमी. आकडा आमच्या गृहकर्जाच्या शिल्लक रकमेच्या खांद्याला खांदा लावून उभा राहील असा. स्टेंटला आणि गुडघ्याच्या सांध्याला सरकारनं २०१७ साली किमतीची कॅप घातली. दाताला कॅप घालायचं काम मात्र डॉक्टरांकडेच राहिलं.

मी आईला घेऊन प्राध्यापकांच्या घरी गेलो. त्यांनी कार्ड बघितलंच नाही. आधी आईचे हात बघितले. संधिवातानं बोटं वाकलेली. म्हणाले, "माई, ह्या हातांनी तुम्ही सुईत दोरा ओवता का?" आई म्हणाली, "आता नाही जमत हो." "मग कायमच्या ब्रिजखाली रोज रात्री दोरा घालून साफ कोण करणार?" मग त्यांनी वरची कवळी बघितली. ती अ‍ॅक्रिलिकची. खाली दगडासारखा घट्ट ब्रिज आणि वर प्लास्टिक. झिजणार कोण हे सांगायला प्राध्यापक लागत नाही. शिवाय तो सगळा मार वरच्या जबड्याच्या पुढच्या हाडाला बसणार. आज खालची कवळी हलते, उद्या वरची हलेल.

त्यांचा सल्ला असा, की खाली पुढच्या बाजूला दोनच इम्प्लांट, आणि त्यांवर बटणासारखी अडकणारी अ‍ॅक्रिलिकची कवळी. रात्री काढायची, नळाखाली धुवायची, पाण्यात ठेवायची. बटणातली नायलॉनची कडी सैल झाली की बदलायची, ती काही मिनिटांत बदलते. दात झिजला, तुटला तर गावातला कुठलाही डॉक्टर दुरुस्त करून देईल. आणि ही गरिबाची तडजोड नव्हे म्हणाले. २००२ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी एकत्र बसून हेच ठरवलं होतं, की ज्याच्या खालच्या जबड्यात एकही दात नाही, त्याला साधी कवळी देण्याऐवजी दोन इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय मानावा. फार काय, ज्या ब्रोनेमार्कच्या नावानं सगळे शपथा घेतात, त्याच्या पद्धतीतही टायटॅनियमवर सोन्याच्या मिश्रधातूचा सांगाडा आणि चावायला अ‍ॅक्रिलिकचेच दात असत. त्यातलं सोनं आत होतं, कुणाला न दिसणारं.

मला सगळं पटलं. आणि त्याच रात्री मला झोप लागेना. (दात खाल्ले असणारच.) दादानं पैसे पाठवायचं कबूल केलेलं. मी सांगणार काय, की आईला प्लास्टिक बसवतो आहे? नातेवाईक काय म्हणतील? थोरल्यानं सढळ हातानं दिलं आणि धाकट्यानं आईच्या दातांत काटकसर केली! बँकवाला तो बँकवालाच. खरं सांगतो, त्या रात्री तासभर मी प्लॅटिनमच्या बाजूनं होतो. आईच्या जबड्यासाठी नव्हे, माझ्या तोंडासाठी.

दादाला फोन केला. तो चिडला. "तू तिथे दोन पैसे वाचवायला बघतोयस," म्हणाला. मीही चिडलो. "तू तिथून पैसे पाठवतोस, दोरा घालायला येणार आहेस का रोज रात्री?" असं मी म्हणालो. हे वाक्य म्हणायला नको होतं. दोन्हीकडे फोन बंद झाले आणि तीन आठवडे आमचं बोलणं नव्हतं. आईच्या तोंडातल्या द्रव्यावरून तिच्या दोन मुलांचं तोंड वळलं. शेवटी आईनंच स्वतः त्याला फोन लावला आणि म्हणाली, "अरे, मला रात्री दात काढून ठेवल्याशिवाय झोप येत नाही. पन्नास वर्षं कानातलंही काढून झोपते मी. कायमचं काही नको मला." संपला विषय. आम्ही दोघे कार्ड, परिषदा, परदेशी तज्ज्ञ घेऊन बसलो होतो. जिच्या तोंडाचा प्रश्न तिला कुणी विचारलंच नव्हतं.

चार महिन्यांनी कवळी बसली. बसताना 'टक्' असा छान आवाज होतो. आईनं पहिल्याच आठवड्यात कुरमुऱ्याचा लाडू खाल्ला, तोही आमच्यासमोर, मुद्दाम आवाज करत. माझ्याही दाढेवर नवी कॅप आली आहे; बिनथराची झिर्कोनिया, स्क्रूवाली, आणि रात्रीसाठी पारदर्शक पट्टी. ती घातली की मी 'स' म्हणू शकत नाही, त्यामुळे रात्री दहानंतर आमच्या घरात वाद होत नाहीत.

परवा दादाचा कॉल आला. "आई, दाखव बघू दात," म्हणाला. त्याला वाटलं आई हसेल. आईनं अंगठ्यानं टक् करून खालची कवळी काढली आणि सरळ कॅमेऱ्यासमोर धरली. तिकडे नातू किंचाळला, मग हसत सुटला, आणि "अगेन, आजी, अगेन!" म्हणत राहिला. आईनं चार वेळा काढून दाखवली.

नंतर दादानं मला एकट्याला फोनवर घेतलं. आवाज खाली आणून म्हणाला, "ऐक ना, माझी पण एक दाढ गेली रे. इथला डेंटिस्ट प्रीमियम झिर्कोनिया म्हणतोय, पोर्सेलीनचा थर देऊन. दिसायला फार छान आहे. घेऊ का?"

मी म्हणालो, "आधी सांग, तू रात्री दात खातोस का?"

"छे! मी कशाला..."

मागून वहिनींचा आवाज आला, "खातात हो, भाऊजी! गॅरेजपर्यंत ऐकू येतं!"